कासव सापडलं, आता पुढं?

मृग लागला की मोबाइलवर कासवांचे फोटो फिरू लागतात. कुणाला नांगरटीत मिळालेलं, कुणाला विहिरीच्या काठाला, कुणाला थेट पुणे रस्त्यावर. फोटोखाली विचारणा बहुतेक वेळा एकच असते: घरी आणलंय, याला खायला काय घालू? उत्तर आहे, काही नको. ते का, हे कळायला आधी हे कासव शिवारात काय करत होतं ते पाहावं लागतं.

रस्त्यावर येतं कशाला

आपलं केडगाव, म्हणजे नगरला लागून असलेलं, रेणुकामातेचं (दौंडकडचं निराळं), पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतं. सीना पुढं हत्तरसंग कुडलला भीमेला मिळेपर्यंत मोठी होते, पण इथं नगरच्या अंगानं वाहताना उन्हाळ्यात ती आटते. ओढे तर तिच्याही आधी. अशा मुलखात पाण्यातल्या प्राण्याला राहायचं तर कोरडे महिने काढायची सोय हवी. इथल्या फ्लॅपशेल जातीच्या कासवाकडं ती आहे. पाणी ओसरू लागलं की ते गाळात, बांधाच्या ओलसर मातीत, झुडपाच्या मुळाशी स्वतःला पुरून घेतं. खाणं बंद, हालचाल बंद, श्वास अगदी नावापुरता. अशा अवस्थेत ते महिनोन्महिने राहू शकतं. वळीव झाला, जमिनीत ओल उतरली की वर येतं आणि पाण्याच्या दिशेनं चालू लागतं.

म्हणजे मे-जूनमध्ये दिसणारी कासवं दोन तऱ्हेची. एक, नांगरानं, रोटाव्हेटरनं किंवा ओढ्यातला गाळ काढणाऱ्या जेसीबीनं झोपेतून उपसलेलं. दुसरं, आपणहून निघालेलं. पहिलं डोळे मिटून निपचित पडलेलं असतं आणि लोकांना ते आजारी वाटतं. दुसरं भर रस्त्यातून चाललेलं असतं आणि लोकांना ते वाट चुकलेलं वाटतं. पहिलं आजारी नसतं, दुसरं हरवलेलं नसतं. जागतिक कासव दिन 23 मेला असतो, म्हणजे आपल्याकडं ऐन नांगरटीत.

हातात आलंय ते कोणतं

शिवारात, ओढ्यात, विहिरीत सापडलेलं कासव बहुधा फ्लॅपशेलच असतं. पाठ लांबट गोल, गुळगुळीत, चामड्यासारखी. टणक खवल्यांचे चौकोन तिच्यावर नसतात. नाक पुढं आलेलं, आखूड नळीसारखं. मान अनपेक्षित लांब. पोटाच्या बाजूला मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा असतात. घाबरलं की पाय आत घेतं आणि झडपा लावून घेतं. इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं. उत्तर भारतातल्या फ्लॅपशेलच्या पाठीवर पिवळे ठिपके दिसतात, आपल्याकडच्याची पाठ साधी, तपकिरी-हिरवट असते. तेव्हा जालावरचा ठिपक्यांचा फोटो पाहून ‘हे ते नव्हे’ असं ठरवू नये.

भीमा आणि गोदावरीच्या मोठ्या डोहांत याचंच एक दांडगं भावंड राहतं, लीथचं मऊ पाठीचं कासव. जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1872 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याकडून मिळालेल्या नमुन्यावरून. आज ते अतिसंकटग्रस्त आहे आणि 2022 मध्ये भारताच्याच प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंदी आली. असं कासव जाळ्यात आलं तर ते वनखात्याला कळवणं ही नुसती भूतदया राहत नाही, अभ्यासकांच्या दृष्टीनं ती मोलाची नोंद असते. तिसरं, काळं कासव: टणक पाठ, पाठीवर लांबीच्या दिशेनं तीन कणे.

आणि एक चौथं, ज्याच्यावरून खरी गफलत होते. काळ्या-पिवळ्या चांदण्यांचं, घुमटी पाठीचं स्टार कासव. ते जमिनीवरचं, गवत-पाला खाणारं. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, तमिळनाडू, आंध्र, श्रीलंका हे त्याचं घर. नगरच्या रस्त्यावर ते दिसलं तर कुणाच्या तरी घरातून निसटलेलं किंवा भीतीनं टाकून दिलेलं समजावं. कासव म्हटलं की पाणी, या समजुतीनं लोक त्याला विहिरीत सोडतात. त्याला पोहता येत नाही. बुडून मरतं.

नखं मोजणारे

याविषयी जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या भागात कासवाला गाडीच्या चाकाइतकाच मोठा धोका या माणसांचा आहे. वीस नखांचं कासव घरात असलं की गुप्तधन सापडतं, पैशांचा पाऊस पडतो, अशी भाकडकथा मांडुळाच्या कथेच्या जोडीनं महाराष्ट्रभर फिरते. तिच्यावर जगणारे दलाल आहेत, गिऱ्हाइकं आहेत, आणि अधूनमधून पोलीस पकडतात ते लाखांचे आकडे सांगणारे महाभागही आहेत.

आता साधा हिशोब करू. फ्लॅपशेल ज्या कुळातलं आहे त्या सगळ्या कासवांना प्रत्येक पायाला तीनच नखं असतात. चार पायांची मिळून बारा. कुळाच्या शास्त्रीय नावातच ही तीन नखं आहेत. काळ्या कासवाला आणि स्टार कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. म्हणजे वीस हा आकडा असा निवडलेला आहे की सहसा भरूच नये. कासव मिळत राहतं, नखं कमी पडत राहतात, आणि दलाल ‘हे नाही, दुसरं आणा’ म्हणत राहतो. प्रत्येक ‘दुसऱ्या’साठी एक कासव गोणीत जातं आणि नापास झालेलं कुठंतरी फेकलं जातं. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 पासून आहे, वन्यजीवांचा कायदा त्याच्याही आधीपासून. दोन्ही असताना हा बाजार चालतो.

देशपातळीवर चित्र आणखी मोठं आहे. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं डिसेंबर 2016 ते जानेवारी 2017 या काळात राबवलेल्या ‘ऑपरेशन सेव्ह कूर्म’मध्ये 15,739 जिवंत कासवं सोडवली गेली. त्याच जानेवारीत उत्तर प्रदेशातल्या अमेठीत एका घरावरच्या छाप्यात सहा हजारांहून जास्त फ्लॅपशेल मिळाली. ती मांसासाठी आणि वाळवलेल्या चकत्यांसाठी पूर्वेकडं निघाली होती.

यातून घ्यायची गोष्ट अगदी व्यवहाराची. कासवाचा फोटो गावाच्या, वस्तीच्या नावासकट गटांवर टाकू नका. ‘नखं किती आहेत?’ असा फोन आला तर तो पुढं वनखात्याला द्या. वास्तूसाठी कासव हवंच असेल तर पितळी आणा. ते पाण्याच्या ताटलीत वर्षानुवर्षं बसतं आणि आजारी पडत नाही.

उचलायचं की नाही

रस्ता ओलांडणारं धडधाकट कासव ज्या दिशेला तोंड करून चाललं होतं, त्याच बाजूला, रस्त्यापासून दहा-वीस पावलं आत नेऊन ठेवा. संपलं. परत मागच्या बाजूला ठेवलं तर ते पुन्हा रस्त्यावर येणार, कारण त्याला पलीकडंच जायचं आहे. केडगाव बायपाससारख्या ठिकाणी आधी स्वतःकडं पाहा. कासवासाठी ट्रकसमोर थांबणारा माणूस कासवाच्या काही कामाचा नाही.

धरताना दोन्ही हातांनी, पाठीच्या कडांना, मागच्या पायांच्या जरा पुढं. जमिनीला समांतर ठेवा, छातीशी घेऊ नका. फ्लॅपशेलची मान मागं वळून चावते आणि चावा चांगला बसतो. शेपटीला धरून उचलू नका, मणक्याला इजा होते. हात साबणानं धुवा. कासवं अंगावर साल्मोनेला जंतू बाळगतात. मुलांना त्याची बाधा होते म्हणून अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे.

नांगरटीत निघालेलं आणि जखम नसलेलं कासव असेल तर त्याच शेताच्या बांधाला, सावलीत, ओलसर भुसभुशीत माती पाहून ठेवा आणि वर थोडी माती, पालापाचोळा सारा. पाऊस येईपर्यंत त्याला तेवढंच हवं असतं. जवळ विहीर आहे म्हणून विहिरीत टाकणं बरोबर नाही. बांधीव विहिरीतून त्याला वर येता येत नाही, ऊन मिळत नाही आणि मादी असेल तर अंडी घालायला माती मिळत नाही. विहिरीत कासव असलं की पाणी निवळ राहतं असं जुनी माणसं म्हणतात. मेलेलं, सडकं ते खातं हे खरं, पण त्यासाठी त्याला जन्मभर आत कोंडायचं का, हे ज्यानं त्यानं पाहावं.

मातीत गोल, पांढरी, कडक कवचाची अंडी निघाली तर ती उलटीपालटी करू नका. पक्ष्यांची अंडी फिरलेली चालतात, कासवाच्या अंड्यातला गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो आणि अंडं फिरलं की मरतो. पेन्सिलीनं वरच्या बाजूला खूण करा, तशीच उचलून जवळच तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवा, माती लोटा.

शेततळं

‘मागेल त्याला शेततळे’ योजना 2016 मध्ये आली आणि नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात शेततळी वाढली. कांद्याला, डाळिंबाला त्यांनी जीव दिला यात वाद नाही. पण प्लास्टिक कागदाचं अस्तर असलेलं तळं हा जनावरांसाठी सापळा आहे. दुरून पाणी दिसतं, कासव आत उतरतं, आणि मग तो गुळगुळीत, शेवाळलेला उतार त्याला चढता येत नाही. काठाशी नखं घासत ते फिरत राहतं, ऊन खायला जागा मिळत नाही, थकतं. ससे, मुंगूस, साप, कधी कोल्ह्याची पिल्लंही अशीच जातात.

उपाय फार खर्चाचा नाही. तळ्याच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत काथ्याच्या जाड दोराची, गाठी मारलेली रुंद शिडी किंवा गोणपाटाच्या पट्ट्या वरच्या बांधाला खुंटीनं बांधून पाण्यात दोन-तीन फूट सोडायच्या. खाली वाळूचं पोतं बांधलं की त्या तरंगत नाहीत. मासे धरायचं जुनं जाळं मात्र वापरू नका, त्यात कासवाचे पाय आणि मान अडकते. कुंपण घालताना खालचा फूटभर भाग बारीक जाळीचा घातला तर मुळात आत जाणंच थांबतं. तळ्याला अनुदान देताना ही शिडी सक्तीची करायला हवी, असं मला वाटतं. कागदाच्या खर्चापुढं दोराचा खर्च काहीच नाही.

जखम झाली असेल तर

कासवाची पाठ ही नखासारखी मेलेली वस्तू नाही. बरगड्या आणि मणका तिलाच जोडलेले असतात, आत रक्त खेळतं, स्पर्श आणि वेदना कळतात. फाळ लागून पाठ तडकली म्हणजे हाड मोडलं. ते एम-सील किंवा फेविक्विकनं बुजवलं की जंतू आत कोंडले जातात आणि आठवड्यानं सडकं निघतं. हळद भरू नका, डेटॉल ओतू नका. मीठ घालून उकळून गार केलेल्या पाण्यानं वरची माती धुवा, स्वच्छ गॉज किंवा धुतलेलं सुती कापड ठेवा. माश्या बसू देऊ नका. एका दुपारीत अळ्या पडतात.

पाठ तडकलेलं कासव पाण्यात ठेवायचं नाही. पाणी जखमेतून आत जातं, अशक्त असेल तर बुडतंही. तोंडात गळ अडकला असेल तर ओढू नका. दोर वीतभर बाहेर ठेवून कापा. डॉक्टरला गळ शोधायला तोच धागा लागतो.

मग वनविभागाची हेल्पलाइन, 1926. ती चोवीस तास चालू असते आणि फोन मोफत आहे. केडगावहून पुणे सव्वाशेक किलोमीटर. बावधनला वनविभागाचं वन्यजीव उपचार केंद्र आहे, रेस्क्यू संस्थेच्या साथीनं चालणारं. तिथं पाठवायचं की नगरमध्येच पशुवैद्याला दाखवायचं, हे वनरक्षकाला ठरवू द्या.

एक रात्र घरात

संध्याकाळी सापडलं, वनखात्याचा माणूस सकाळी येणार आहे, तर घरात ठेवावं लागतं. घरच्या शुश्रूषेची मर्यादा माझ्या मते एवढीच.

कासवापेक्षा जरा मोठा प्लास्टिकचा टब किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकणाला भोकं पाडा. तळाला ओलं करून पिळलेलं गोणपाट. जखम नसलेल्या फ्लॅपशेलला बोटभर पाणी चालेल, मान वर केली की नाक बाहेर येईल इतकंच. खोका अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात, फरशीवर; पंख्याखाली नको, चुलीजवळ नको. डिसेंबरच्या थंडीत कासव गारठून मंद झालेलं असेल तर त्याला गरम पाण्यात बुडवू नका, खोलीची ऊब पुरते. कुत्रं-मांजर बाहेर. शेजारची मुलं बघायला येणार, त्यांना एकदाच दाखवा.

खायला काही नाही. दूध, पोळी, चुरमुरे, पाव यांतलं काहीच नाही. कासव थंड रक्ताचं, त्याचं पोट आपल्यासारखं दर चार तासांनी मागत नाही. धडधाकट कासव कित्येक दिवस न खाता राहतं. भेदरलेल्या किंवा जखमी जनावराच्या पोटात घातलेलं अन्न पचत नाही, आणि भूल द्यायची वेळ आली तर अडचण होते. आई-आजीला हे पटवणं कासव सांभाळण्यापेक्षा अवघड जातं.

एक काम मात्र त्या रात्री जरूर करा. नेमकं कुठं सापडलं ते लिहून ठेवा: गट नंबर, ओढ्याचं नाव, कोणाची विहीर. मोबाइलवर ठिकाणाची खूण जतन करा.

अठ्ठेचाळीस तास

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे रानातला प्राणी सरकारची मालमत्ता. तो कोणत्याही कारणानं ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. फ्लॅपशेल अनुसूची एकमध्ये आहे, वाघाच्या पंगतीला. 2022 च्या दुरुस्तीनं स्टार कासवही तिथं गेलं. या अनुसूचीतल्या गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड. ‘आम्ही जीव वाचवला’ हे पहिल्या दोन दिवसांत केलेला फोन दाखवून सांगता येतं. वर्षभरानं सांगितलं तर ऐकणाऱ्याला ते पटेलच असं नाही.

आधीपासूनच घरात असेल तर

अशी घरं आहेत. आजोबांनी आणलेलं, हौदात वाढलेलं, मुलांनी नाव ठेवलेलं. अशा कासवाला एकदम ओढ्यात सोडणं धोक्याचं. त्याला शिकार येत नाही, माणसाला ते भीत नाही, आणि घरातला एखादा आजार ते रानातल्यांना देऊ शकतं. वनविभागाला कळवून सुपूर्द करणं हाच मार्ग.

तोवर निदान हाल तरी कमी करता येतात. घरातल्या कासवांचा नेहमीचा रोग म्हणजे हाडं आणि पाठ मऊ पडणं. कॅल्शियम नाही, ऊन नाही, हे त्याचं कारण. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. हाडांना लागणारे किरण काच अडवते. सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर आणि बाजूला सावली, असं हवं. डोळे सुजून मिटले असतील तर बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता. थेंब घालून ते बरं होत नाही, पशुवैद्य गाठावा लागतो. स्टार कासवाला पाव-बिस्किटं बंद करून हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग द्यावा.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं, कानामागं लाल पट्टा असलेलं छोटं हिरवं कासव आपलं नव्हेच. ते अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानात रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं असतं, मादी वाढून फूटभर होते आणि वीस-तीस वर्षं जगते. मग टाकी अपुरी पडते, पाण्याला वास सुटतो आणि एके दिवशी ते तलावात जातं. जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या शंभरांच्या यादीत त्याचं नाव आहे. सीनेत किंवा पाझर तलावात ते कधीही सोडू नका.

सोडायचं कुठं

बरं झालेलं रानातलं कासव सापडलं तिथंच, किंवा त्याच ओढ्या-तलावाच्या काठी सोडायचं असतं. त्याला त्या भागातलं पाणी, लपायच्या जागा, अंडी घालायची माती ठाऊक असते. भीमेच्या खोऱ्यातलं उचलून मुळा धरणात नेलं तर ते गोदावरीच्या खोऱ्यात गेलं. मूळ जागी आता प्लॉट पडले असतील, किंवा ओढ्यात सांडपाणी सोडलेलं असेल, तर त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाची स्वच्छ जागा वनरक्षकाबरोबर पाहावी.

वेळ सकाळची किंवा उन्हं कलल्यावरची. काठापासून चार-पाच फुटांवर, पाण्याकडं तोंड करून ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. पाण्यात फेकायचं नाही. काही लगेच सरकतात, काही अर्धा तास मान आत घेऊन बसतात. गाळात शिरलेलं कासव पुन्हा वर काढून पाहायची गरज नाही. वनरक्षकाच्या नोंदवहीत तारीख, जागा आणि जात लिहिली गेली की नाही, तेवढं पाहून निघावं.